वाघेरीची भिंत : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

चित्र रंगवायची भिंत मोजून घेतली. लांबी २४ मीटर, उंची ६ मीटर, म्हणजे १४४ चौरस मीटर. गोव्यात सत्तरी तालुक्यात केरीच्या परिसरातल्या एका शाळेचं सभागृह आहे, त्याची ही पूर्वेकडची भिंत. समोर पटांगण, पटांगणापलीकडे काजूच्या बागा, आणि त्यांच्या मागे सह्याद्रीतला वाघेरी डोंगर. चित्र बघायला उभं राहिलेल्या माणसाच्या पाठीशी खरा डोंगर असेल. मान वळवली की पडताळा घेता येईल. हे काम हातात घ्यावंसं वाटलं ते मुळात याचसाठी.

शाळेनं आधी रस्त्याकडची, पश्चिमेची भिंत देऊ केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल म्हणून. मी पूर्वेची मागून घेतली. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि तो नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने सरळ मारा बसतो, उरलेले आठ महिने दुपारचं ऊन. त्या भिंतीवर कितीही चांगला रंग लावला तरी तो लवकर खचतो. पूर्वेला फक्त सकाळचं ऊन लागतं, शिवाय छप्पर या बाजूला चांगलं पुढे आलेलं आहे.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वर सिमेंटचा गिलावा. उजव्या खालच्या कोपऱ्यात गिलावा नुकताच दुरुस्त केलेला दिसतो. त्याला हात लावायला अजून वेळ आहे. ताज्या सिमेंटातला क्षार रंग खातो. निदान चार आठवडे थांबावंच लागतं.

७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी भिंतीवर तीन ठिकाणी दोन-दोन फुटांचे प्लास्टिकचे तुकडे चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवले होते. आज सकाळी काढले. वरचे दोन्ही कोरडे, खालच्याच्या आतल्या बाजूला दव जमलेलं. चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. पाऊस जाऊन महिना झाला तरी भिंतीच्या पायात ओल आहे. खालच्या तीन फुटांवर डिसेंबरपर्यंत काही लावायचं नाही. काही ठिकाणी पांढरा खार फुटलाय. तो कोरड्या तारेच्या ब्रशनं काढायचा, पाण्यानं धुवायचा नाही. धुतला की खार विरघळून पुन्हा आत जातो आणि नंतर रंगाखालून वर येतो.

१२ नोव्हेंबर

काय रंगवायचं यावर आज शाळेत बैठक झाली. डोंगर हे आधीच ठरलं होतं, पण डोंगरात काय काय असावं याची प्रत्येकाची वेगळी यादी होती. पालकांना दूधसागर हवा होता. तो धबधबा कुळेच्या वर, इथून खूप दक्षिणेला; या पटांगणावरून दिसायचा प्रश्नच नाही. मुलांना वाघ हवा होता. वाघ या जंगलात आहेत. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतच चार वाघ मेले, तेव्हा सगळ्या गोव्याला ते कळलं. पण तेही इथून दिसत नाहीत. एका शिक्षकांनी शिवाजी महाराज घोड्यावर असावेत असं सुचवलं.

मी एकच नियम मांडला: या पटांगणात उभं राहून जे दिसतं तेवढंच भिंतीवर येईल. एका ऋतूतलं, एका वेळेचं. मुख्याध्यापिका बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुम्हांला वाटतं तसंच करा, पण मग ते अगदी आमचंच दिसलं पाहिजे." ती अट मी मनापासून मान्य केली.

या नियमामागचं कारण इथे लिहून ठेवते. माझे बाबा उत्सवातल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. रानाचा पडदा, महालाचा, रस्त्याचा. रानाच्या पडद्यावर मागे निळे त्रिकोणी डोंगर, मधोमध नदी. तो पडदा वनवासालाही चालायचा आणि सामाजिक नाटकातल्या गावालाही, पेडण्यातही आणि फोंड्यातही. कुठलाच एक डोंगर नसणं हे त्याचं कामच होतं. मी ब्रश धरायला त्या पडद्यांवरच शिकले, आणि आजही डोंगर म्हटलं की हात आधी तोच त्रिकोण काढतो. या भिंतीला तो चालणार नाही. इथे लोक रोज सकाळी उठून वाघेरी बघतात.

१६ नोव्हेंबर

रेखाटनं. फोनवर काढलेल्या फोटोंचा उपयोग फक्त आठवण म्हणून; रुंद भिंगात लांबचे डोंगर बुटके होतात आणि समोरचं गवत मोठं होतं. पटांगणाच्या मध्यावर खुर्ची टाकून, हात ताठ करून पेन्सिलीवर मापं घेतली.

मापं घेतल्यावर एक गोष्ट उघड झाली. डोंगररांग मोजायला गेलं तर बऱ्यापैकी चपटी आहे. जशीच्या तशी २४ मीटरवर ताणली, तर ६ मीटर उंचीतली निम्म्याहून जास्त जागा आभाळच घेईल. पण डोळ्याला ती चपटी वाटत नाही. खात्री करायला गावातल्या चार-पाच मोठ्या माणसांना मातीत बोटानं वाघेरीची कड काढायला सांगितली. सगळ्यांनी ती प्रत्यक्षाहून कितीतरी उंच काढली. कुठे खिंड, कुठे उतार, कुठे सडा, म्हणजे माथ्यावरची सपाट जागा, हे मात्र सगळ्यांचं अचूक जुळत होतं.

म्हणून असं ठरवलं: कडेचे चढउतार आडव्या अंतरात जसे आहेत तसेच ठेवायचे, उंची मात्र दीडपट करायची. पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या मनात डोंगराची जी उंची असते ती खोटी नाही, आणि भिंत त्याच माणसासाठी आहे.

१९ नोव्हेंबर

कोळशानं मोठ्या कागदावर कड काढून तो कागद सभागृहात लावला, मुद्दाम, रंग लावायच्या आधी सगळ्यांनी बघावा म्हणून. गुरं चारायला जाणारे एक आजो आले. बराच वेळ बघत उभे राहिले, मग काठीचं टोक कागदाजवळ नेलं. "हांगा एक ना, दोन दात आसात. मधीं व्हाळ देंवता." म्हणजे इथे एक नाही, दोन दात आहेत, मधून ओहोळ उतरतो. दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगरामागून वर येण्याआधी जाऊन बघितलं. त्या वेळी कड आभाळावर सर्वांत स्वच्छ दिसते. दोन दात, मध्ये बारीक खाच. दुपारच्या उजेडात मागचा डोंगर त्या खाचेत मिसळून जातो, म्हणून ती दिसत नाही. आजोंनी ती चालून ओळखलेली आहे.

२३ नोव्हेंबर

परांची उभी राहिली. चाकांची लोखंडी घेतली, बांबूची नाही, कारण भिंतीभर सरकवत न्यायची आहे. जमीन उंचसखल, त्यामुळे चाकांखाली फळ्या टाकून रूळ केला. वर चढताना दोर कमरेला, खाली एक माणूस कायम. हा नियम सगळ्यांना, मलाही.

मदतीला कला शाखेतली दोन मुलं आली आहेत.

२७ नोव्हेंबर

भिंत घासली, भेगांत पुट्टी भरली, वरच्या भागाला प्रायमरचा एक हात. मग चौकटी. ओळंबा सोडून उभ्या रेषा, लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून आडवी पातळी, आणि सुतळीला गेरू लावून मीटर-मीटरवर मारलेल्या रेषा. १४४ चौकोन. निळ्या पावडरीऐवजी गेरू, कारण निळी पावडर फिक्या आभाळातून वर डोकावते. गेरू बाकी सगळ्या डोंगरात मिसळून जातो.

पायाच्या रंगाचा हिशेब: बाहेरच्या भिंतीचं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५ चौरस मीटर पुरतं, म्हणजे नुसत्या पायालाच ३० लिटर. तेलाचा रंग घ्यावा असं दुकानदार दोनदा म्हणाला, चकाकी येते म्हणून. चिऱ्याच्या भिंतीला श्वास घ्यायला जागा हवी. आतली ओल बाहेर पडायला वाट नसली तर ती तेलाच्या थराला फोड आणते. पाण्याचं अॅक्रिलिकच.

३ डिसेंबर

अवेळी पाऊस. आभाळाच्या पहिल्या हाताचा डावीकडचा भाग ओला असतानाच सरी आल्या. वारा पश्चिमेचा होता म्हणून या भिंतीवर फक्त तुषार उडाले. काम दोन दिवस बंद.

११ डिसेंबर

वेळ ठरली. डिसेंबरचा मध्य, संध्याकाळचे सव्वापाच. यावर मी खूप दिवस विचार करत होते.

सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे डोंगर सपाट निळा, आत काहीच दिसत नाही. भर दुपारी सगळं पांढुरकं. संध्याकाळी समुद्राकडून येणारी उन्हं सरळ डोंगरावर पडतात आणि प्रत्येक घळ वेगळी होते. उन्हाळ्यात तेही नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या हवेत इतका ओलावा आणि धूळ असते की मागचे डोंगर निळे न होता दुधट राखाडी होतात. हा फरक मुलांना नीट समजावून सांगितला, कारण पुस्तकात सगळीकडे लिहिलेलं असतं की लांबचे डोंगर निळे दिसतात. हवेच्या सूक्ष्म रेणूंवरून प्रकाश विखुरला की निळा होतो. पाण्याचे थेंब आणि धूळ त्याहून कितीतरी मोठी; त्यांच्यावरून सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तो पडदा पांढरा. पावसानं धुतलेल्या हवेत डोंगर निळा, मेच्या हवेत पांढरा. आम्हांला हवा तो डिसेंबरचा, दोन्हींच्या मधला: मागे निळसर, पायथ्याशी पांढुरका.

आणखी एक कारण किंदळ. डिसेंबर-जानेवारीत किंदळाची झाडं पंखांच्या तांबूस फळांनी भरून जातात आणि हिरव्या उतारावर गंजासारखे डाग पडतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं झाड वाळलं. सत्तरीचा डोंगर या दोन महिन्यांत ओळखायचा तो या रंगावरून.

१५ डिसेंबर

डोंगराच्या पाच ओळी, पाच डबे. प्रत्येक ओळीचा मूळ रंग एकाच वेळी, एकाच डब्यात पुरेसा कालवून ठेवला. पुन्हा कालवला की जुळत नाही. इमल्शन ओलं असताना एक दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. झाकणावर वाळलेल्या रंगाचा पट्टा आणि ओळीचा आकडा.

दुकानातला निळा स्टेनर डब्यात टाकला की फार बोंबलतो. त्याला शांत करतो रेड ऑक्साइड. निळ्यात थोडा लाल ऑक्साइड गेला की जांभळट राखाडी येते, आणि मागच्या ओळीला नेमकी तीच लागते. या डोंगराच्या पोटातल्या लोहामुळेच आपली माती लाल, आणि लोहाचाच रंग आपण डोंगराच्या सावलीला वापरतो, हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी डब्यात पुन्हा वाकून बघितलं. लोहाचे हे रंग उन्हाला दाद देत नाहीत. गोव्यातल्या जुन्या देवळांवरची कावी चित्रं बघा: पांढऱ्या चुन्यावर कावेचा, म्हणजे लाल मातीचा, थर, आणि तो ओला असतानाच कोरून आतला पांढरा बाहेर काढलेला. काव अजून लालच आहे. भडक पिवळे आणि गुलाबी रंग मी यादीतून आधीच काढले. पाच वर्षांत ते उडतात आणि उरलेलं चित्र आजारी दिसतं.

२८ डिसेंबर

आभाळ आणि मागच्या दोन ओळी झाल्या. कायम वरून खाली काम, म्हणजे ओघळ आला तरी अजून न रंगवलेल्या भागावर येतो.

मुलं मागच्या ओळीत झाडं काढू बघत होती. दोघांनाही पटांगणाच्या पार टोकाला नेलं, भिंतीपासून सुमारे ४० मीटरवर. तिथून डोळ्याला एक सेंटिमीटरच्या आतलं काही वेगळं ओळखता येत नाही. परांचीवर नाकासमोर जे बारीक काम करतो ते तिथे पोचतच नाही. मागच्या ओळींना चार इंची ब्रश आणि रोलर, झाड नाही, फक्त कडेचा खरखरीतपणा. पडदे रंगवतानाही बाबा दर थोड्या वेळानं उठून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जायचे.

१० जानेवारी २०२५

पौष. गावात धालो, म्हणजे बायकांची रात्रीची नाच-गाणी, सुरू आहेत. रात्री मांडावर, धालोच्या जागी, जाणाऱ्या बायका पटांगणातून जाताना थांबल्या. सभागृहाच्या बाहेरचा दिवा लावला होता. एकमेकींना बोटांनी दाखवत होत्या: हा आमचा सडा, इथून लाकडं आणायचो, इथे खालच्या अंगाला कुळागर, पोफळीची बाग. त्यांतल्या एक मावशी मला म्हणाल्या, "डोंगर आमचोच. पूण धूर खंय?" धूर कुठे आहे?

त्यांचं खरं आहे. थंडीत संध्याकाळी जमिनीलगतची हवा लवकर गार होते, वरची ऊबदार राहते, आणि चुलींचा धूर त्या सीमेशी अडून आडवा पसरतो. काजूच्या बागांच्या डोक्यावर एक सरळ फिकी रेघ. आतापर्यंत मी ती धुकं समजून पायथ्याशी विरघळवणार होते. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला बघत बसले. रेघेचा खालचा काठ मऊ, वरचा काठ धारदार, आणि ती जिथे वाडा, म्हणजे घरांची वस्ती, आहे तिथूनच सुरू होते. सगळ्या भिंतीभर नाही. डावीकडून सहाव्या चौकोनापासून अकराव्यापर्यंत.

१८ जानेवारी

धुराची रेघ काढली. पांढऱ्यात चिमूटभर अंबर (तपकिरी मातीचा रंग) आणि खूप पाणी, कोरड्या रोलरनं, चार पातळ हात. एका हातात जाड लावली तर ती ढगासारखी दिसते. मुख्याध्यापिका बाई सकाळी आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता वाडा दिसतो." वाडा चित्रात काढलेलाच नाही.

५ फेब्रुवारी

मधल्या ओळीचं काम मनासारखं चाललंय. किंदळाचे डाग रेड ऑक्साइड, थोडा पिवळा ऑक्साइड आणि थोडा हिरवा मिसळून. जोडीला माट्टीची झाडं, भेरली माडाचे लोंबते झुपके. घळींत रान दाट, सड्यावर गवत. डिसेंबरात वरचं गवत वाळून फिकट सोनेरी होतं, त्याच्यावर ऊन पडलं की सगळ्यांत आधी डोळा तिकडेच जातो. चित्रातला सर्वांत उजळ रंग मी तिथे ठेवला, आभाळात नाही.

एवढ्यात खऱ्या डोंगरावर सांवर फुललीय. मुलं रोज सांगतात, ते लाल घ्या. सुंदर आहे, मान्य. पण आमच्या सव्वापाचच्या डिसेंबरात सांवर उघडी असते.

१४ फेब्रुवारी

जळक्या उताराचा प्रश्न आज सुटला. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे पेटले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आली. त्या रात्री इथल्या माणसांनी डोंगरावर आगीच्या माळा बघितल्या आहेत. वणवा विझवायला फांद्या घेऊन वर गेलेला एक तरुण म्हणाला की ते भिंतीवर यायला हवं, नाहीतर लोक विसरतील. एका पालकांचं म्हणणं, शाळेच्या भिंतीवर जळलेलं काही नको.

दोघांचंही ऐकलं आणि नियमाकडे परत आले: दिसतं तेवढंच. तो तरुण आणि मी दुर्बीण घेऊन बसलो. त्यानं दाखवलेल्या उतारावर आज काळं काही नाही. बाजूच्या रानापेक्षा फिकं गवत आहे, मध्ये खुरटी झुडपं, आणि मोठी झाडं विरळ. तसंच रंगवलं. जाणणाऱ्याला तो पट्टा लगेच ओळखू येतो. आगीच्या ज्वाळा रंगवल्या असत्या तर एका रात्रीची आठवण झाली असती. हा विरळ पट्टा अजून चालू असलेल्या गोष्टीची आहे. मला हेच जास्त गंभीर वाटतं.

२ मार्च

पुढची ओळ, काजूच्या बागा, संपली. खालचे तीन फूट आता पूर्ण कोरडे. तिथे चित्र नाही, सपाट लाल मातीचा पट्टा, रेड ऑक्साइडच. पावसाळ्यात जमिनीवरून उडणारी माती याच उंचीवर बसते आणि लालावर लाल दिसत नाही.

नव्या गिलाव्याच्या कोपऱ्यात खार पुन्हा फुटला नाही.

९ मार्च

शिगमो तोंडावर आहे, पटांगण रोमटाला, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीला, लागणार, म्हणून परांची आज उतरवली. त्याआधी सगळ्या भिंतीला पारदर्शक, चकाकी नसलेला अॅक्रिलिक थर दिला, सकाळी, भिंत तापायच्या आत.

दोन दात असलेली कड बघायला आजो आले होते. खाचेशी थांबले, काही बोलले नाहीत, आणि वळून खऱ्या डोंगराकडे बघितलं. मग मला विचारलं की व्हाळाचं पाणी का नाही काढलं. म्हटलं, डिसेंबरात इथून दिसत नाही. "दिसना," ते म्हणाले, "पूण आसता." यावर आम्ही बराच वेळ बोललो. पाणी काढलेलं नाही. खाचेच्या खाली रान मात्र थोडं जास्त गडद केलं, परांची उतरायच्या आधी, कारण पाणी असतं तिथे झाडी दाट असते आणि ती दिसते.

१२ मार्च

शाळेला देखभालीचा कागद दिला. दर मे महिन्यात छपराची पन्हळ साफ करणे. ती तुंबली तर पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरतं आणि रंग आतून सुटतो. पावसाळ्यानंतर भिंत मऊ झाडूनं कोरडी झाडणे, पाण्याचा जोराचा फवारा नाही. खिळे, बॅनर, दोऱ्या भिंतीला नाहीत. शेवाळ दिसलं तर आधी मला कळवणे, ब्लीच ओतू नये. पारदर्शक थर चार-पाच वर्षांनी पुन्हा. पाचही डब्यांतला उरलेला रंग, झाकणावरच्या पट्ट्यांसह, शाळेच्या कपाटात ठेवला आहे. डागडुजी त्याच रंगानं करावी. ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, मी येऊन पायथ्याची ओल पुन्हा प्लास्टिक लावून तपासणार आहे.